हवेतला जागल्या

२६ जुलै २००८ या दिवशी संध्याकाळी अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. ५६ माणसे मारली गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. जखमींना जिथे नेले जात होते त्या इस्पितळांच्या आवारातही बॉम्ब फुटले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. खाली नाव होते ‘इंडियन मुजाहिदीन’. ई-मेल कोठून आला याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीत पोहोचले. तो ज्या घराच्या इंटरनेट जोडणीवरून गेला होता, त्या घरात एक अमेरिकन नागरिक राहत होता.

ई-मेल त्याने पाठवला नव्हता. त्याच्या घरात वायफाय होते आणि त्या वायफायला कुलूप नव्हते. कोणीतरी ते वापरले आणि निघून गेले. २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल आला. त्याचा माग माटुंग्याच्या खालसा कॉलेजपर्यंत गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले. त्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला होता. तिन्ही वेळा पत्ता अचूक सापडला, पण त्या पत्त्यावर पाठवणारा सापडला नाही.

सानपाड्याच्या त्या रहिवाशाची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले, पण त्याला आरोपी केले गेले नाही. ते योग्यच झाले. पण त्या दारावरची पाटी वेगळी असती तर? घर मुंब्र्यात, मालेगावात किंवा आमच्या पुसदमध्ये असते आणि पाटीवर एखादा शेख, पठाण किंवा कुरेशी असता तर? २००८ साल ज्यांनी तरुणपणी पाहिले त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पोलीस तेव्हा काय करते याचा अंदाज बांधत बसण्यात मला रस नाही. ‘ई-मेल तुझ्या घरातून गेला’ या आरोपाला ‘पण तो मी पाठवला नाही’ असे उत्तर पुराव्यानिशी कसे देता येते, हे मला समजून घ्यायचे आहे. त्यासाठी वायफायच्या कुलपाचा आणि त्याच्या राखणीचा इतिहास पाहावा लागतो. त्यात पुणे आहे, जालना आहे आणि आपला एक मुसलमान अभियंताही आहे.

कुलूपच कच्चे होते

वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. तारेतून जाणारी माहिती चोरायची तर तारेपर्यंत पोहोचावे लागते. हवेतून जाणाऱ्या माहितीला भिंत अडवत नाही. ज्या पेटीला आपण राउटर म्हणतो, तिच्यातला ऍक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतो. ती शेजाऱ्याला ऐकू जाते आणि रस्त्यावर थांबलेल्या मोटारीतही ऐकू जाते. म्हणून १९९७ च्या प्रमाणातच एक कुलूप दिले होते. त्याचे नाव वेप. अर्थ असा, की तारेत जेवढी गुप्तता असते तेवढी इथेही मिळेल.

ती मिळाली नाही. वेपमध्ये प्रत्येक पॅकेटबरोबर एक बदलता आकडा जातो, म्हणजे तीच किल्ली दोनदा वापरली जाऊ नये. पण हा आकडा इतका लहान ठेवला होता, की त्याच्या सगळ्या मिळून १ कोटी ६७ लाखांच्या आसपासच शक्यता होत्या. गजबजलेल्या नेटवर्कवर त्या काही तासांत संपतात आणि आकडे पुन्हा तेच येऊ लागतात. २००१ मध्ये फ्लूहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवले, की काही ठरावीक आकडे तर किल्लीची अक्षरेच हळूहळू उघडी पाडतात. पुरेशी पॅकेटे गोळा करा, कोणते अक्षर किती वेळा डोकावते ते मोजा, किल्ली हातात येते.

मोजण्याची ही युक्ती जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी यांनी गुप्त लिपी उलगडण्यावर एक रिसाला लिहिला. भाषेत प्रत्येक अक्षर ठरावीक प्रमाणात येते. गुप्त मजकुरातली चिन्हे मोजली की कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे आहे ते ताडता येते, असे त्यांनी त्यात मांडले. उर्दूत आपण शून्याला ‘सिफर’ म्हणतो. संस्कृत ‘शून्य’ची कल्पना अरबीत ‘सिफ्र’ झाली, तोच शब्द युरोपात ‘सायफर’ झाला आणि पुढे गुप्त लिपीचे नाव बनला. शमीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गणित अल-किंदींपेक्षा कितीतरी पुढचे आहे, पण कुलपातला कल मोजून किल्ली ओळखायची ही वाट त्यांनीच पहिल्यांदा मळलेली आहे.

वेप तुटले म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू आले. पण दुकानांत आणि घरांत बसवलेल्या जुन्या पेट्या तशाच राहिल्या. अमेरिकेत टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे जानेवारी २००७ मध्ये बाहेर आले. कंपनीने स्वतः दिलेला आकडा होता ४ कोटी ५७ लाख कार्डांचा. चोर शिरले ते एका दुकानाच्या वेप लावलेल्या वायफायमधून.

आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. त्यानंतर ब्रॉडबँडबरोबर वायफायची पेटी घरोघर येऊ लागली. पेटी लावणारा यायचा, दिवा लागला की निघून जायचा. कुलूप लावायचे असते हे फार थोड्यांना माहीत होते. सानपाड्याची घटना साडेतीन वर्षांत घडली.

पुण्याचे जागले

जुन्या मराठी गावगाड्यात जागल्या नावाचा माणूस असे. रात्री गाव झोपले की तो फिरायचा. वेशीतून कोण आले, कोणाकडे मुक्कामाला उतरले, कोणाचे गुरू कोणाच्या गोठ्यात आहे, हे त्याला ठाऊक असायचे. गावगाडा गेला, पण शब्द गेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात तूर-हरभरा उभा राहिला की शेतकरी आजही रात्री जागलीला जातो. शेताला कुंपण असतेच. पण रानडुक्कर कुंपण कुठून फाडते हे कुंपणाला कळत नाही, ते मचाणावरच्या माणसाला कळते.

नेटवर्कमध्ये हे मचाणावरचे काम सेन्सर करतो. तो दिसायला ऍक्सेस पॉइंटसारखाच असतो, पण इंटरनेट देण्याऐवजी तो ऐकत बसतो. एका वाहिनीवरून दुसरीवर उडी मारत सगळी हवा चाळतो. कोणती पेटी कोणत्या नावाने हाळी देते, कोणता लॅपटॉप कोणाशी जोडला गेला, किती वाजता आणि किती वेळ, सिग्नल किती जोरात आहे, हे सगळे तो टिपतो. तीन-चार सेन्सर असतील तर सिग्नलच्या जोरावरून ते यंत्र साधारण कुठे आहे याचाही अंदाज येतो. मग तो हवेत दिसणाऱ्या पेट्यांची वर्गवारी करतो. काही आपल्या, काही शेजाऱ्याच्या आणि काही चोरट्या.

खरी मेख या वर्गवारीत आहे. शेजाऱ्याची पेटी आणि आपल्याच एखाद्या कर्मचाऱ्याने टेबलाखाली गुपचूप जोडलेली पेटी हवेत सारख्याच दिसतात. पहिलीला हात लावायचा नसतो, दुसरी म्हणजे घराला पाडलेले भगदाड असते. ओळखायचे कसे? एक पद्धत अशी, की आपल्या तारेच्या जाळ्यात खुणेची पॅकेटे सोडायची आणि ती कोणत्या पेटीतून हवेत बाहेर पडतात ते पाहायचे. विहिरीत रंग टाकून पाणी कोणत्या झऱ्यात निघते ते पाहावे, तसाच हा प्रकार.

या तंत्रावर जगात ज्या मोजक्या कंपन्यांनी सुरुवातीला काम केले त्यांतल्या एकीचे बहुतेक संशोधन पुण्यात होत होते. प्रवीण भागवत यांनी स्थापन केलेली एअरटाइट नेटवर्क्स ही ती कंपनी. २०१६ मध्ये तिचे नाव मोजो नेटवर्क्स झाले आणि २०१८ मध्ये अरिस्टा या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली.

याच एअरटाइटमध्ये मोहम्मद सोहेल अहमद हे संशोधक होते. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी आणि विवेक रामचंद्रन यांनी अमेरिकेतल्या सॅन डिएगो येथे टूरकॉन परिषदेत ‘कॅफे लाटे’ नावाचा हल्ला करून दाखवला. तोवर समज असा होता, की एखाद्या कचेरीचे वेप फोडायचे तर त्या कचेरीजवळ जावे लागते. या दोघांनी दाखवले की त्याची गरज नाही. कचेरीतला माणूस लॅपटॉप घेऊन शेकडो मैलांवरच्या कॉफीच्या दुकानात बसला, की त्याचा लॅपटॉप सवयीने कचेरीच्या वायफायला हाका मारत असतो. शेजारच्या टेबलावरून त्याच नावाची खोटी पेटी उभी करा. लॅपटॉप तिला ओळखीची समजून बोलू लागतो आणि त्या बोलण्यातूनच कचेरीची किल्ली निघते. कॉफी संपेपर्यंत काम होते, म्हणून हे नाव.

जुलै २०१० मध्ये सोहेल अहमद यांनी लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत डब्ल्यूपीए-टूमधली एक उणीव मांडली. तिचे नाव ‘होल १९६’. वायफायच्या प्रमाणग्रंथाच्या १९६ व्या पानाच्या तळाशी एक ओळ होती, म्हणून हे नाव पडले. सगळ्यांना एकदम निरोप द्यायची जी सामाईक किल्ली असते, तिच्यावरून निरोप खरोखर कोणी पाठवला ते ओळखता येत नाही, असे त्या ओळीत म्हटले होते. म्हणजे ज्याच्याकडे रीतसर पासवर्ड आहे असा आतला माणूस ऍक्सेस पॉइंटचे सोंग घेऊन शेजारच्याची माहिती आपल्याकडे वळवू शकतो. बाहेरच्याला अडवणारे कुलूप आतल्याला अडवत नाही. म्हणून तिथे ऐकणारा सेन्सरच लागतो.

या दोन तारखांच्या मधोमध २००८ येते. त्या वर्षी ई-मेल प्रकरणात पुण्यातून संगणक अभियंत्यांना अटक झाली आणि ‘मुसलमान संगणक अभियंता’ हे शब्दच संशयाचे होऊन बसले. त्याच पुण्यात, त्याच काळात, एक मुसलमान संगणक अभियंता जगाच्या वायफायमधली भोके शोधून उघडपणे मांडत होता, म्हणजे ती बुजवता यावीत. पहिली बातमी घराघरात पोहोचली. दुसरी आपल्या मुलांनाही ठाऊक नाही.

पट्टा आणि पट्टे

सेन्सरने टिपलेली नोंद म्हणजे अखेरचे सत्य, असेही समजू नये. वायफायवर प्रत्येक यंत्राला मॅक पत्ता नावाचा एक क्रमांक असतो. नोंदवहीत तोच लिहिला जातो. पण हा क्रमांक बदलता येतो. दुसऱ्याच्या यंत्राचा क्रमांक लावून वावरता येते. अलीकडचे फोन तर खासगीपणासाठी स्वतःहूनच क्रमांक बदलत राहतात.

आमच्या जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि एक हजार किलोमीटरहून अधिक पायपीट करून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून हे कळले. पण वाघाची खरी ओळख त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून होते. जंगलातले कॅमेरे ते टिपतात आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. मॅक पत्ता हा गळ्यातला पट्टा आहे. तो काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतो. अंगावरचे पट्टे शोधायचे तर वेळ, जागा, सिग्नलचा जोर, यंत्राच्या बोलण्याची ढब, कॅमेऱ्याचे चित्रण आणि माणसांच्या साक्षी असे अनेक धागे जुळवावे लागतात. आयपी पत्ता तर याहूनही ढोबळ. तो वाघही सांगत नाही, फक्त जंगलाचे नाव सांगतो.

राखणदाराने हद्द ओलांडली तर

उर्दूत राखणाऱ्याला ‘पासबान’ म्हणतात. त्यातला ‘बान’ हा फारसी प्रत्यय मराठीनेही घेतला आहे. दार राखतो तो दरवान, बाग राखतो तो बागवान. पण दरवानाने दारावरून जाणाऱ्यालाच काठी हाणली तर?

चोरटी पेटी दिसली की सेन्सर तिला जोडलेल्या यंत्रांना ‘जोडणी संपली’ असा निरोप पाठवून तोडू शकतो. जुन्या प्रमाणात या निरोपावर सही-शिक्का नसे, त्यामुळे तो कोणीही पाठवू शकत असे. २००९ मध्ये त्यावर उपाय ठरला आणि २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-थ्रीमध्ये तो सक्तीचा झाला. मधल्या काळात अमेरिकेतल्या नॅशविल येथे मॅरियटच्या एका हॉटेलने ही सोय पाहुण्यांवरच चालवली. परिषदेला आलेली माणसे स्वतःच्या फोनचे हॉटस्पॉट वापरत होती. हॉटेल ते तोडायचे आणि स्वतःचे महागडे वायफाय विकायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने मॅरियटला ६ लाख डॉलरचा दंड केला.

पाळत ठेवणारे यंत्र कोणाच्या हातात आहे आणि त्याने काय टिपावे याची हद्द कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. कोण कोणाशी बोलतो, कोणत्या वस्तीत काय वाचले जाते, याची निगराणी निराळी आणि आपल्या जाळ्यात कोणते यंत्र शिरले याची नोंद निराळी. पहिलीला विरोध करणाऱ्याने दुसरी नीट ठेवली पाहिजे. वेळ आल्यावर तीच त्याच्या बाजूने बोलणार असते.

नोंद, पुरावा आणि न्याय

२००८ नंतर यंत्रणा हलली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन कुलूप नसलेले वायफाय शोधत शहरात फिरले. २३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या, की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवा आणि नोंद एक वर्ष जपून ठेवा. रेल्वे स्थानकावर वायफाय जोडताना मोबाइलवर ओटीपी येतो, त्याचे मूळ इथे आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकते. म्हणजे राखणीची जबाबदारी आता दारव्ह्याच्या किराणा दुकानदारापर्यंत आली आहे.

नोंद असली तरी ती न्यायालयात टिकावी लागते. यातला एक महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातल्या खटल्यात लागला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत आला होता की नाही, यावरून कैलास गोरंट्याल यांच्याशी वाद झाला आणि तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणापर्यंत गेला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्रच समोर आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही अट आणखी तपशिलात आली आहे. नोंदीत नंतर फेरफार झाला नाही हे दाखवणारा हॅश नावाचा आकडाही आता प्रमाणपत्रात द्यावा लागतो.

हे तपशील कोरडे वाटतील. पण अहमदाबाद खटल्याचा निकाल आठवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्फोटांना साडेतेरा वर्षे उलटल्यावर, विशेष न्यायालयाने ४९ जणांना दोषी ठरवले. त्यांतल्या ३८ जणांना फाशीची शिक्षा झाली. २८ जण निर्दोष सुटले. मेलेल्या ५६ माणसांच्या घरच्यांना न्याय हवा होता आणि तो पुराव्यानेच मिळू शकत होता. त्या २८ जणांनाही पुरावाच हवा होता आणि त्यासाठी साडेतेरा वर्षे थांबावे लागले. चांगली नोंद फिर्यादीच्या किंवा आरोपीच्या मालकीची नसते. ती गुन्हेगाराला जितकी अडचणीची, तितकीच निरपराधाच्या उपयोगाची.

आपल्या गावात

पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी या आमच्या भागातल्या उर्दू शाळा, वाचनालये, मदरसे आणि दुकाने यांत आता वायफाय आहे. तिथे लाखो रुपयांचे सेन्सर कोणी बसवणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण काही कामे बिनखर्चाची आहेत.

राउटरबरोबर आलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलावा. कुलूप डब्ल्यूपीए-टू किंवा थ्रीचेच निवडावे आणि पेटी इतकी जुनी असेल की फक्त वेपच देते, तर ती भंगारात द्यावी. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडावे. शाळा सुटली की पेटी बंद करावी. महिन्यातून एकदा आवारात फोन घेऊन उभे राहावे आणि आसपास कोणती नावे दिसतात ते पाहावे. आपल्याच नावाची दुसरी पेटी दिसली तर ती कोणाची याची चौकशी करावी. राउटरमध्ये नोंद ठेवायची सोय असते, ती सुरू करावी आणि नोंद अधूनमधून संगणकावर उतरवून घ्यावी, कारण अनेक साध्या पेट्यांत वीज गेली की ती पुसली जाते. संगणक कक्षात कोण कोणत्या संगणकावर कधी बसले याचे साधे रजिस्टर ठेवावे. हजेरीपट ठेवणाऱ्या शिक्षकाला हे जड जाऊ नये.

आणि सोहेल अहमद यांचे काम वर्गात शिकवावे. नववी-दहावीच्या मुलांना ‘होल १९६’ समजतो. एक किल्ली सगळ्यांकडे असेल तर निरोप कोणी पाठवला हे कसे कळणार, एवढाच तो प्रश्न आहे. त्यावर विचार करणारी मुले उद्या जागले होतील. ती कोणत्या वस्तीत वाढली हे मग फारसे कोणी विचारणार नाही, कारण राखण त्यांच्या हातात असेल.